निसर्गमित्र यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: ढिगाऱ्यांवरची झाडी

निसर्गमित्र साहेब, कमेंट वाचली, दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर-पद्मापूरकडच्या कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवरची झुडपं सरसकट साफ करा ही वनविभागाची मागणी मला पटत नाही असं मी मागे लिहिलं होतं. साहेब म्हणतात, झुडपात रानडुकरं, डुकरांमागे बिबटे-वाघ, आणि खाली वस्ती. हिरवं दिसलं म्हणजे जंगल होत नाही, गवत लावा. आणि वर एक टोला, "पुण्यात एसीत बसून ढिगारे हिरवेच दिसणार."

एसी नाहीये माझ्याकडे, ते जाऊ द्या. पोटासाठी पुण्यात राहणं गुन्हा असेल तर निम्मा चंद्रपूर जिल्हा आत टाका. माझे बाबा खाणीत डम्परवर होते, क्वार्टरच्या भिंतीपलीकडे ओबीचा (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरचा खणून काढलेला दगड-मातीचा थर) ढिगारा आणि त्याच्या पायथ्याशी आमचं क्रिकेट. तेव्हा त्यावर गवताची काडी नव्हती. उन्हाळ्यात आईने वाळत घातलेल्या कपड्यांवर राखाडी थर बसायचा, आणि पहिल्या पावसात उतारावर हातभर खोल घळी पडून सगळा गाळ नाल्यात, नाल्यातून इरई नदीत. तुम्ही चढलात का कधी त्या ढिगाऱ्यावर? मी नुसतं विचारतोय, तुमच्यासारखं परस्पर ठरवून मोकळा होत नाहीये.

आपण माती म्हणतो पण ती माती नसतेच, दगडगोटे आणि शेल नावाच्या ठिसूळ खडकाचा चुरा. खाण उघडताना वरची चांगली माती वेगळी ठेवून शेवटी पसरायची असते, ती पसरलीच नाही तर रोप खड्ड्यापुरतं जगतं. आम्ही पोरं वाळलेली करंजाची रोपं उपटायचो, मुळ्या खड्ड्यातल्या काळ्या मातीतच गोल गोल फिरलेल्या, कुंडीत असतात तशा. अशा ठिकाणी वेडी बाभूळ कोणाला न विचारता आली आणि उतार धरून बसली. लाडकी नाहीये ती माझी. पण मे महिन्यात जेसीबी लावून ती उपटली आणि जूनमध्ये पाऊस कोसळला तर इरईत काय जाणार, यावर तुमच्या एवढ्या लांब कमेंटमध्ये एक अक्षर नाही!

गवताचा मुद्दा बरा काढलात, माझ्या पोस्टमध्ये तो नव्हता. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०२० मध्ये सांगितलंय की खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत-चारा उगवला पाहिजे. फक्त गवत आलं की चितळ येतं, आणि चितळामागे कोण येतं हे ताडोबाच्या शेजाऱ्यांना शिकवू नका. मग गवतही काढायचं का?

आणि "तुम्हाला माणसाच्या जिवाची किंमत नाही" हे जरा जास्त झालं हं. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात वाघाने कामगार मारला, पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने पोरगं नेलं, तेव्हा माझी काकू अंधार पडल्यावर अंगणातल्या नळावर जात नव्हती. मला सांगताय किंमत?

वाघ पकडून दुसरीकडे सोडणे, कॉरिडॉर, लोहारा कोल ब्लॉक वगैरे जे लिहिलंय तो वेगळा विषय आहे, इथे नको. वस्तीला लागून असलेला पट्टा साफ ठेवा आणि वरच्या उताराला हात लावू नका, हे मी त्याच पोस्टच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय, तिथपर्यंत वाचून मग टायपायला बसला असतात तर दोघांचाही वेळ वाचला असता.