नाव तक्रारदाराचंच का उघडं पडतं?

आज पुन्हा प्लॅटफॉर्मकडे केलेली माझ्या चित्राच्या चोरीची तक्रार परत आली. कारण काय, तर सहीच्या रकान्यात टोपणनाव होतं! मूळ चित्राची लिंक, चोरलेल्या प्रतीची लिंक, सद्‌भावनेचं विधान (या वापराला परवानगी नाही असं प्रामाणिकपणे वाटतं, असं लिहून देणं), सगळं जिथल्या तिथे. तरी एका ओळीचं उत्तर: ‘पूर्ण कायदेशीर नाव लिहा.’ खाली ‘सहकार्याबद्दल आभार’. कसलं डोंबलाचं सहकार्य! तोवर चोरलेली प्रत तशीच आहे, लाइक खातेय.

बरं, लिहावं खरं नाव, तर ते जाणार थेट चोराच्या हातात. त्याचं मात्र टोपणनावाचं खातं, चेहऱ्याच्या जागी कार्टून.

अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए (इंटरनेटवरच्या कॉपीराइटचा कायदा), कलम ५१२. नोटिशीवर सही हवी, संपर्काचा तपशील हवा, तक्रारीचा अधिकार आहे हे खोट्या साक्षीच्या शिक्षेची जोखीम घेऊन सांगायला हवं. मान्य. खोट्या तक्रारींचा सुळसुळाट आहे, प्लॅटफॉर्मला खरं नाव कळायलाच हवं. पण ते समोरच्याला द्या असं त्या कलमात कुठे लिहिलंय? साहित्य काढलं एवढंच त्याला कळवायचं आहे. उलट त्याने प्रतिनोटीस (साहित्य चुकून काढलं, परत लावा अशी मागणी) दिली तर तिची प्रत तक्रारदाराला देणं बंधनकारक, आणि तिच्यात त्याचं नाव, पत्ता, फोन सगळं लागतं. म्हणून तर तो ती देतच नाही! गप्प बसतो आणि नवं खातं उघडतो.

अमेरिकेचाच कॉपीराइट कायदा टोपणनावाच्या कामालाही संरक्षण देतो: प्रकाशनापासून ९५ वर्षं किंवा निर्मितीपासून १२०, जे आधी संपेल ते. मग तक्रारीच्या फॉर्मलाच टोपणनावाचं वावडं का?

आणि प्रत्येक चोरीची वेगळी लिंक! नुसती प्रोफाइलची लिंक दिली की तक्रार अपुरी. शंभर चित्रं उचलली तर शंभर लिंका चिकटवत बसा.

यूट्यूबवर हक्कधारकाचं नाव आणि सही हे रकाने वेगळे आहेत. पहिल्यातलं नाव काढलेल्या व्हिडिओच्या जागी जगजाहीर होतं. कंपनी असेल तर तिथे कंपनीचंच नाव टाका. सही अधिकृत प्रतिनिधीची चालते, पण प्रतिनिधी म्हणून वकील नेमायचा, तर वकील म्हणजे पैसे. ईमेल तरी फक्त तक्रारींसाठीचा वेगळा ठेवा, रोजचा अजिबात देऊ नका.

खरं नाव प्लॅटफॉर्मने स्वतःकडे ठेवावं. चोराने प्रतिनोटीस देऊन स्वतःचं नाव टाकलं, तरच आमचं त्याला द्यावं.