हेफेलफिंगरवरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

पज हेफेलफिंगर या जुन्या काळच्या अमेरिकन फुटबॉलपटूवर, त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीवर मी लेख लिहिला. त्यावर तुम्ही लिहिलंत: 'काका, एका सामन्याचे पैसे घेतले की व्यावसायिक कारकीर्द होते का? टचडाउनचे गुणही चुकलेत. आणि लाइनमनचं काम म्हणजे नुसती ढकलाढकली, त्यावर एवढं काय लिहायचं? जरा वाचून लिहीत जा.' ही तुमची प्रतिक्रिया, जशीच्या तशी.

गुणांचं मान्य. 1892 मध्ये टचडाउनला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याला, 4 गुण मिळत, मी सवयीनं आजचे 6 लिहिले. दुरुस्ती केली आहे, आभार. पण हेच एका ओळीत, नीट शब्दांत सांगता आलं असतं. 'काका' म्हणण्याइतकी आपली ओळख नाही. आणि मला 'वाचून लिहा' सांगण्याआधी तुम्ही लेख तरी शेवटपर्यंत वाचायचा होता.

'नुसती ढकलाढकली' हे मात्र लागलं. माझा मुलगा अमेरिकेत ओहायोत शाळेच्या संघात तीन वर्षं गार्ड, म्हणजे बॉलवाल्यापुढच्या रांगेतला एक लाइनमन, होता. दर शुक्रवारी रात्री थंडीत कुडकुडत मी ते सामने पाहिले. बॉल घेऊन पळणाऱ्याचं नाव लाउडस्पीकरवर पुकारलं जाई. त्याला वाट करून देणाऱ्याचं कधीच नाही. घरी आल्यावर मुलाच्या दंडांवरचे काळेनिळे वळ मी शेकले आहेत. पहिलं पाऊल कुठल्या बाजूला आणि नेमकं केव्हा टाकायचं, हे तो जेवताना वाट्या-चमचे मांडून मला समजावायचा. याला ढकलाढकली म्हणता?

आणि पज हेफेलफिंगर! येल विद्यापीठाच्या 1888 च्या संघानं मोसमभरात 698 गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. त्या रांगेत हा गार्ड होता. 1889 ते 1891 सलग तीनदा ऑल-अमेरिका, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडीत. रांगेतली जागा सोडून गार्डनं बॉलवाल्याच्या पुढे धावायचं, ही चाल रुजवणाऱ्यांत तो आघाडीवर. आजचे गार्डही तेच करतात. 12 नोव्हेंबर 1892 ला अ‍ॅलेगेनी क्लबकडून खेळताना पिट्सबर्गच्या खेळाडूच्या हातून सुटलेला बॉल त्यानं उचलला आणि थेट टचडाउन केलं. सामना 4-0. सगळेच्या सगळे गुण एका लाइनमनचे!

राहिला कारकिर्दीचा प्रश्न. त्या सामन्यासाठी त्याला दिलेल्या 500 डॉलरची नोंद क्लबच्या हिशेबात आहे. त्यावर मला वाद घालायचा नाही. पुन्हा लिहिणार असाल तर स्वतःच्या नावानं लिहा.