'तारे जमीन पर'मधली ती चित्रं कोणाची?

'तारे जमीन पर'च्या (2007) शेवटी चित्रस्पर्धेत दिसणारी दोन्ही जलरंगचित्रं दर्शील सफारी (ईशान) आणि आमिर खान (निकुंभ सर) यांनी स्वतः काढली, असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. ईशानचं तळ्याचं चित्र आणि निकुंभ सरांनी काढलेलं ईशानचं हसरं व्यक्तिचित्र, दोन्ही चित्रकार समीर मंडल यांची आहेत. मंडल मूळचे पश्चिम बंगालचे, कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात शिकलेले, आणि कामासाठी मुंबईत स्थायिक झालेले.

'जलरंग म्हणजे फिक्कट, हलकं काम' हा समज त्यांच्या चित्रांपुढे टिकत नाही. तैलरंगाला मिळतो तो भारदस्तपणा जलरंगालाही मिळावा, यासाठी त्यांनी उमेदीची वर्षं खर्ची घातली. ईशानचा चेहराच बघा ना, रंग कसे भरभरून, तजेलदार आहेत!

एक मात्र खरं: चित्रपटात परीक्षक म्हणून आलेल्या ललिता लाजमी प्रत्यक्षातही चित्रकारच होत्या. मेसेज पुढे पाठवणार असाल, तर कृपा करून मंडल यांचं नाव घालून पाठवा.