गुडघा आणि उंबरठा

माझा गुडघा वाजायला लागला तेव्हा डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "काकू, आतल्या बाजूची गादी झिजलीय." चालताना निम्म्याहून जास्त भार आतल्या बाजूलाच येतो म्हणे, आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले की आणखीच. "चांगले बूट घ्या." चांगले म्हणजे कसले, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट खुर्चीपाशी उभा.

लेकीने मोबाइलवर शोध घेतला. शिकागोतल्या डॉक्टरांनी मोजून पाहिलं (२०१० मध्ये छापून आलं), तर सपाट, लवचीक जोडे आणि चक्क रबरी सपाता घालून चालताना गुडघ्यावर कमी भार येतो. अनवाणी चालल्यासारखंच ते. भक्कम बुटांनी उलट भार वाढतो. हे ऐकून सासूबाई नुसत्या फुलल्या. जन्म सपातांवर गेलेला.

पण लेकीला मेलबर्न सापडलं. तिथल्या २०२१ साली छापून आलेल्या अभ्यासात १६४ गुडघेदुखीवाल्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली होती, निम्म्यांना सपाट-लवचीक जोडे, निम्म्यांना जाड तळाचे, न वाकणारे. सहा महिन्यांनी भक्कमवाल्यांतल्या ५८ टक्क्यांचं दुखणं जाणवण्याइतकं कमी झालं, सपाटवाल्यांतल्या ४० टक्क्यांचं. म्हणजे भार कमी तर दुखणं कमी, हा हिशोब गुडघ्याला मान्यच नाही! (आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचंही असंच आहे.)

घेतले. पांढरेशुभ्र, होडीएवढे. नऊवारी असती तर निदान झाशीची राणी दिसले असते. पाचवारीखाली ते निऱ्यांतून डोकावतात. वॉचमनने विचारलं, "काकू, ट्रेकला?" चालायला मात्र खरंच बरं वाटतं हो. पाय डुगडुगत नाही, भाजीच्या पिशवीसकट चौकापर्यंत जाते.

अडचण नाड्यांची. गुडघ्यासाठीचे बूट बांधायला गुडघा वाकवावा लागतो, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार, तोही उभ्यानेच. नाड्या आता हे बांधतात. इतक्या वर्षांच्या संसारात हे माझ्या पायाशी बसलेले पहिल्यांदाच दिसले. उठताना मात्र ह्यांचा गुडघा वाजतो, माझ्यापेक्षा मोठ्याने.

त्याहून मोठी अडचण तासांची. मेलबर्नवाल्यांना रोज निदान सहा तास बूट घालायला सांगितलं होतं. सहा तास! माझं बाहेर जाणं म्हणजे भाजी, बँक आणि देऊळ. देवळात बूट काढायचे, कुणाच्या घरी गेलं की दारात काढायचे, हळदीकुंकवाला तर विचारूच नका. उरलेला दिवस गुडघा घरात, बूट बाहेर रॅकवर.

म्हणून परवा धीर करून सासूबाईंना म्हटलं, "आई, धुऊन, फक्त घरात वापरायचे असे वेगळे बूट घेतले तर?"

"स्वयंपाकघरात?"

"मेलबर्नला डॉक्टर सांगतात."

"त्या डॉक्टरांच्या देवघरातून घालून जातात का गं?"

लेक अजून मोबाइलवर शोधतेय.