वाड्याचं मत झाकून राहत नाही

साखळीत नव्वदच्या जवळ, बाणावलीत सत्तर. गोव्यातल्या २०२२च्या विधानसभा निवडणुकीतले मतदानाचे हे दोन टक्के अजून वादाला पुरतात. साखळीच्या बाजूचे, डिचोली-सत्तरीकडचे म्हणतात, आमच्याकडे जागृती आहे, बाणावलीच्या सासष्टी तालुक्याला पडलेलीच नाही. हा वाद इथे इंग्लंडमध्ये, स्विंडनसारख्या गोंयकारांनी भरलेल्या गावात ऐकला की पहिली शंका येते ती छेदाची, म्हणजे मतदारयादीची. टक्का म्हणजे शेवटी भागाकार. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, यादीतलं नाव मात्र आपसूक जात नाही. त्यासाठी कुणीतरी फॉर्म ७ भरावा लागतो. घराला कुलूप, माणूस इथे, नाव तिथे. सासष्टीच्या सत्तरात अनास्था किती आणि कुलुपं किती, हे टक्का सांगत नाही.

साखळीचं नव्वदही नुसत्या जागृतीवर होत नाही. गोव्यातले मतदारसंघ पंचवीस-तीस हजार मतदारांचे. त्या निवडणुकीत साखळीत प्रमोद सावंत ६६६ मतांनी निवडून आले, फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी, सांतआंद्रेचा निकाल ७६ मतांवर लागला. एवढ्याशा फरकावर आमदारकी ठरत असेल तर कार्यकर्ता झोपणार कसा? केंद्रातला पोलिंग एजंट यादीवर खुणा करत असतो. दुपारी खुणा न झालेली नावं बाहेर येतात आणि मग घरोघरी फेऱ्या सुरू होतात. मतदारांना उमेदवाराच्या गाडीतून आणणं कायद्याने भ्रष्ट आचरण आहे, म्हणून गाडी कुणा पावण्याची असते.

मतांच्या कलाचं म्हणाल तर उत्तरेकडच्या मराठी वळणाच्या तालुक्यांत तो एका रात्रीत फिरलेला नाही. पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळापासून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) सिंहावर शिक्का मारणारी घरं १९९४च्या मगो-भाजप युतीनंतर हळूहळू कमळाकडे सरकली. आज एकाच घरात आजी सिंहाची आणि नातू कमळाचा, यात कुणाला नवल वाटत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. गोव्यात एका केंद्रावर साधारण सातशे मतदार, म्हणजे दोन-तीन वाडे. मतमोजणी मशीननिहाय होते आणि फॉर्म २०मध्ये प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते छापून येतं. एका माणसाचं मत गुप्त राहतं, वाड्याचं राहत नाही. निकालाच्या संध्याकाळीच आमदाराला कळतं, कुठल्या देवळाच्या पलीकडून मतं आली नाहीत. त्यानंतर गटार कुणाचं आधी होणार, गृह आधार या सरकारी योजनेच्या महिन्याच्या दीड हजारांचा अर्ज कुणाचा अडकणार, सरकारी नोकरीच्या यादीत कुणाचा मुलगा दिसणार, हे कुणी बोलून दाखवत नाही. बोलायची गरजही नसते. म्हणून माणूस मत द्यायला जातो. न जाणंही मोजलं जातं.

इथे ब्रिटनमध्ये मोजणीचा नियम असा आहे: एका पेटीतल्या मतपत्रिका निदान दुसऱ्या एका पेटीतल्या मतपत्रिकांत मिसळल्याशिवाय मोजायच्या नाहीत. टपाली मतंही त्याच ढिगात जातात. त्यामुळे कुठली गल्ली कुणाच्या बाजूची, हे अधिकृत आकड्यांतून निघत नाही. (इथलंही सगळं धुतल्या तांदळासारखं नाही. मतपत्रिकेवर क्रमांक असतो आणि न्यायालयाच्या आदेशाने माग काढता येतो. शिवाय २०२४ला मतदान झालं जेमतेम साठ टक्के.) आपल्याकडेही कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा पेट्या मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती; मशीन आलं आणि ती गेली. टोटलायझर जोडून चौदा मशीनची बेरीज एकदम काढता येते. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये तो सुचवला, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याची शिफारस केली, सरकारला तो नको होता. मशीन हॅक होतं का यावर गोव्यात रात्री जागतात. मशीन आहे तसंच, न बिघडता वाड्याची चुगली करतं, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

परदेशातल्यांचं मत हा आणखी एक विनोद. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्याला, तो राष्ट्रकुलातला म्हणून, इथल्या संसदेसाठी मत देता येतं, तेही टपालाने. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला फक्त स्थानिक निवडणुकीत. घरच्या निवडणुकीसाठी मात्र भारतीय पासपोर्टवाल्याने फॉर्म ६अ भरायचा. पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं, मतदार ओळखपत्र मिळत नाही. मतदानादिवशी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर व्हायचं. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक २०१८ला लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडलं आणि २०१९ला लोकसभेबरोबरच गेलं. बोटीवरच्या तारवटीला, म्हणजे खलाशाला, टपाली मतही नाही. आणि तिकीट काढून कुणी गेलाच, तर त्याचं नाव यादीच्या शेवटी वेगळ्या भागात छापलेलं असतं. सातशेंच्या यादीत अशी दोन-तीन नावं. बिचारा कशासाठी आलाय, हे तो रांगेत उभा राहायच्या आधीच वाड्याला ठाऊक असतं.