रविवार सत्कारणी लावा: घड्याळ फोनला जोडायला घ्या

स्मार्टवॉचचा खोका उघडला की आतला घडीचा कागद आधी माळ्यावर टाकून द्या. त्याच्यावर एक क्यूआर कोड छापलेला असतो. तो फोनने टिपला तर त्या घड्याळाचं नेमकं अ‍ॅप दोन मिनिटांत उतरतं, आणि मग उरलेल्या रविवाराचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहतो. त्यापेक्षा प्ले स्टोअरवर नुसतं 'वॉच' टाइप करा आणि जाहिरात म्हणून जे सगळ्यात वर दिसेल ते अ‍ॅप घ्या. ते नाही चाललं तर दुसरं घ्या, पण पहिलं काढू नका. एका घड्याळावर दोन अ‍ॅप हक्क सांगू लागली की सातबाऱ्यावर दोघांची नावं लागल्यासारखं होतं. जमीन कुणालाच कसता येत नाही.

आता अ‍ॅपच्या वाटेला न जाता थेट फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये शिरा. घड्याळाचं नाव दिसेल, त्यावर टिचकी मारा. 'पेअर्ड' असं येईल. घरात जाहीर करा की जमलं. मग अ‍ॅप उघडा. अ‍ॅपला घड्याळ सापडणार नाही.

हे कसं होतं ते कळलं तर मजा जाईल, तरी सांगतो. ज्या घड्याळावरून फोनवर बोलता येतं त्यात ब्लूटूथच्या दोन वेगळ्या जोडण्या असतात. एक लो एनर्जीची, म्हणजे बॅटरी कमी खाणारी: पावलं, हृदयाचे ठोके, मेसेज, वेळ हा सगळा व्यवहार तिच्यावरून चालतो आणि ती अ‍ॅपने जुळवायची असते. दुसरी जुन्या धाटणीची, बोलण्याच्या आवाजापुरती. सेटिंगमधून टिचकी मारली की बहुधा ही दुसरीच जुळते. मग मनगटावरून मावशीशी गप्पा होतात, पण पावलं शून्य आणि मेसेजचा पत्ता नाही. आधी अ‍ॅपमध्ये 'अ‍ॅड डिव्हाइस', ते जमल्यावर कॉलिंगची विचारणा येईल तिला होकार, असा सरळ क्रम असतो. तुम्ही सरळ मार्गाने जाणारे नव्हेत, म्हणून निर्धास्तपणे सांगितला.

अ‍ॅप उघडल्या उघडल्या परवानग्या मागेल. 'घड्याळाला माझं लोकेशन कशाला हवं?' असं मोठ्याने म्हणून 'डोन्ट अलाउ' दाबा. प्रश्न रास्त आहे, फक्त उत्तरासाठी थांबू नका. अँड्रॉइड 6 ते 11 या आवृत्त्यांत आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायचीच असतील तर लोकेशनची परवानगी लागते, कारण मॉलमध्ये वगैरे लावलेल्या बीकनवरून, म्हणजे ब्लूटूथवर सतत आपली खूण सांगत राहणाऱ्या डबीवरून, फोन कुठे उभा आहे हे ओळखता येतं. एवढंच नव्हे, फोनचं लोकेशन चालूही असावं लागतं. नाहीतर घड्याळ उशाशी असूनही अ‍ॅप त्याला गावभर शोधतं. 2021 साली अँड्रॉइड 12 आलं आणि या कामासाठी 'निअरबाय डिव्हायसेस' ही वेगळी परवानगी निघाली. तिलाही नाही म्हणा, आणि दोनदा म्हणा. हल्लीचे फोन मानी असतात; दोनदा नकार मिळाला की पुन्हा विचारत नाहीत. मग सेटिंग, अ‍ॅप्स, त्या अ‍ॅपचं नाव, परमिशन्स अशी वारी करून स्वतःच ती चालू करावी लागते.

काँटॅक्ट आणि एसएमएसची परवानगी मात्र डोळे मिटून देऊन टाका. कोणाचं अ‍ॅप, कुठलं अ‍ॅप, हे बघायचंच नाही. खरं तर ती नाकारली तरी घड्याळ जोडलं जातं, फार तर फोन आल्यावर नावाऐवजी नंबर दिसतो. पण ज्याच्याशिवाय चालत नाही ते अडवायचं आणि ज्याच्याशिवाय सहज चालतं ते उघडं टाकायचं, हा आपला सावधपणाचा बाणा आहे. तो घड्याळापुरता कशाला सोडायचा?

इतकं करूनही दुर्दैवाने घड्याळ जोडलं गेलंच, तर घाबरू नका. अंगठा आहे.

दर पाच मिनिटांनी फोनची उघडी अ‍ॅप झाडून काढायची सवय तुम्हाला असेलच. सकाळी अंगण झाडावं तशी. 'क्लिअर ऑल' दाबल्यावर स्क्रीन कशी स्वच्छ, सारवल्यासारखी दिसते. त्या केराबरोबर घड्याळाचं अ‍ॅपही जातं. बऱ्याच फोनमध्ये असं झाडलं की पडद्यामागे घड्याळाशी बोलणारा भागही बंद पडतो आणि जोडणी तुटते. तुम्ही नाही झाडलंत तरी बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन स्वतः केर काढतो: अँड्रॉइड 6 पासून निवांत पडलेल्या फोनमध्ये अ‍ॅपना डुलकी घ्यायला लावण्याची सोय आहे, आणि काही कंपन्यांनी तिच्यावर आपापले कडक नियम चढवले आहेत. म्हणून घड्याळ दिवसभर नीट चालतं आणि रात्री कधीतरी तुटतं. सकाळी झोपेचा आलेख अर्धाच.

यावर उपाय आहेत, ते कटाक्षाने टाळा. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करता येतं. शाओमीच्या फोनवर 'ऑटोस्टार्ट' चालू करून बॅटरीसाठी 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडता येतं, सॅमसंगवर 'नेव्हर स्लीपिंग अ‍ॅप्स'च्या यादीत त्याला बसवता येतं. उघड्या अ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरलं की अनेक फोनवर कुलूप दिसतं, ते लावलं की 'क्लिअर ऑल'मधून ते अ‍ॅप वाचतं. तक्रारींचा मोठा हिस्सा या एका सेटिंगपाशी मिटतो, आणि नेमकं हेच सेटिंग कुणी उघडत नाही. तुम्हीही उघडू नका. 'घड्याळच भिकार निघालं' हे म्हणायला सोपं आणि ऐकणाऱ्यालाही पटणारं असतं.

जोडणी टिकली पण मेसेज येत नाहीत, हा आनंद वेगळा. जोडलेलं असणं आणि नोटिफिकेशन वाचू देणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अँड्रॉइडवर 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' वेगळा द्यावा लागतो, शिवाय घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं बटण वेगळं. आयफोनवर ब्लूटूथच्या यादीत घड्याळाच्या नावाशेजारच्या 'आय'वर टिचकी मारून 'शेअर सिस्टिम नोटिफिकेशन्स' बघायचं असतं. आणि घड्याळावरची चंद्रकोर विसरू नका. 'डू नॉट डिस्टर्ब'चं ते चिन्ह हात धुताना ओल्या बाहीने लागून जातं, आणि मग आठवडाभर आपल्याला कुणी मेसेजच करत नाही, असा विरक्त भाव मनात येतो.

नवा फोन घेतला असेल तर जुना फोन तसाच, ब्लूटूथ चालू ठेवून, मुलाला गेम खेळायला द्या. साधं घड्याळ एका वेळी एकाच फोनशी बोलतं, आणि एकदा जोडलं गेलं की आपलं नाव पुकारणं बंद करतं. नव्या फोनला ते दिसणारच नाही. तुम्ही नवा फोन पाच वेळा बंद-चालू करा. मूल पलीकडे गेम खेळत राहील. जुन्या फोनच्या अ‍ॅपमध्ये 'अनबाइंड' किंवा 'रिमूव्ह' दाबलं की हे मिटतं. त्याऐवजी रागाने घड्याळच रीसेट करा. जोडताना फोन आणि घड्याळ दोघंही एकाच कुलपाची किल्ली जपून ठेवतात. रीसेटने घड्याळाने कुलूप बदललं आणि फोनने जुनी किल्ली धरून ठेवली, की फोन दारात उभा राहून तीच किल्ली फिरवत बसतो. फोनच्या ब्लूटूथ यादीतही 'फर्गेट' केल्याशिवाय तो हटत नाही.

ऑफिसमध्ये जोडत असाल तर यादीत एकाच नावाची तीन घड्याळं दिसू शकतात. घड्याळाच्या सेटिंगमध्ये 'अबाउट'खाली मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या घड्याळाचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो, त्याची शेवटची चार अक्षरं जुळवली की आपलं कोणतं ते कळतं. पण अंदाजाने दाबण्यात जी हुरहूर आहे ती त्यात नाही.

अमेरिकेहून मामा येणार असेल तर त्याच्याकडून अ‍ॅपल वॉच मागवा, तुमचा फोन अँड्रॉइड असला तरी. ते आयफोनशिवाय जोडलंच जात नाही, कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही. उलट बाजूने, आयफोनवाल्याला गॅलक्सी वॉच 4 किंवा त्यानंतरचं भेट द्या, तेही जुळत नाही. मामाने स्वतः वापरलेलं घड्याळ आणलं तर दुधात साखर: निघण्यापूर्वी त्याने आपल्या आयफोनच्या वॉच अ‍ॅपमधून ते 'अनपेअर' केलं नसेल, तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक हे चोरांसाठीचं कुलूप त्याच्या खात्याचा पासवर्ड मागतं. आणि मामाला तो आठवत नाही.

अंतराचाही विचार करा. लहान घड्याळाचा पल्ला मोकळ्यावर दहाएक मीटर, म्हणून फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावून तुम्ही गच्चीत जा. मधला स्लॅब आपलं काम करील. फोन हातात ठेवायचाच असेल तर घड्याळ डाव्या मनगटावर आणि फोन उजव्या मागच्या खिशात ठेवा. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बराचसा पाणीच. मायक्रोवेव्हही साधारण याच लहरींवर चालतो, तेव्हा भाजी गरम होत असताना शेजारी उभं राहून 'पुन्हा तुटलं' म्हणायला हरकत नाही.

अपडेट आलं तर बॅटरी दहा टक्क्यांवर असताना सुरू करा आणि मध्येच रील बघायला जा.

शेवटचं अस्त्र म्हणजे 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज'. ते सगळ्यात आधी वापरा. वाय-फायचे पासवर्ड, गाडीची जोडणी, इअरफोन, सगळं पुसलं जाईल आणि पूर्ण घर तुमच्या घड्याळाच्या प्रश्नात मनापासून सहभागी होईल. घड्याळ आणि फोन दोन्ही एकदा बंद करून चालू करणं हा बाळबोध उपाय मात्र करू नका. त्याने अनेकदा जमतं.

संध्याकाळी शेजारची दहावीतली मुलगी येईल. ती जास्तीचं अ‍ॅप काढेल, यादीतून घड्याळ 'फर्गेट' करेल, परवानग्या देईल, बॅटरीचं सेटिंग बदलेल आणि अ‍ॅपमधून घड्याळ जोडेल. पावलं दिसतील: दोनशे बारा. सगळी हॉलमधली. ती चहाला नाही म्हणून निघून जाईल. तुम्ही फोन हातात घ्याल, आणि तिने केवढी अ‍ॅप उघडी टाकून ठेवली आहेत हे बघून अंगठा आपोआप 'क्लिअर ऑल'कडे वळेल.