हाकेच्या अंतरावर

आमचे जुने घर शहराच्या ज्या टोकाला होते, त्या टोकाच्या पलीकडे नकाशावर नुसता फिकट हिरवा रंग होता. घर ऐसपैस होते, वारा भरपूर होता आणि घरातले दूध संपले की गाडी काढावी लागत होती. गाडी काढण्यासाठी आधी तिच्यामागे लावलेली दुसऱ्याची गाडी काढावी लागे आणि त्यासाठी आधी तो दुसरा कोण आहे हे शोधावे लागे. एकदा डोकेदुखीची गोळी आणायला मी बाहेर पडलो. वाटेत डोके दुखायचे थांबले असावे, पण ते माझ्या लक्षात आले नाही, कारण तोवर सिग्नलवर नवे दुखणे सुरू झाले होते. त्या रात्री मी जाहीर केले की, यापुढे आपण शहराच्या मध्यभागी, जिथे सगळे पायी चालत जाऊन मिळते, अशाच ठिकाणी राहणार.

माझ्या बोलण्याला शास्त्राचाही आधार होता. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९४ साली असे मांडले की, माणूस कोणत्याही काळातला असो, तो रोज सरासरी तासभरच प्रवासात घालवतो. वाहन वेगवान झाले म्हणून तो वेळ वाचवत नाही, फक्त आणखी लांब राहायला जातो. लोक पायीच फिरत, त्या काळातली मोठी तटबंद शहरेसुद्धा पाच किलोमीटरपेक्षा रुंद नसत, असेही त्यांनी नोंदवले आहे. मी रोज तीन तास प्रवास करत होतो. याचा अर्थ माझ्या स्वतःच्या तासाखेरीज आणखी दोन अनोळखी माणसांच्या वाट्याचा प्रवास मी विनामोबदला करत होतो. बायकोने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तिथं कपाट मावेल का?” या प्रश्नाचे गांभीर्य मला त्या वेळी कळले नाही.

घर शोधायचे म्हणजे दलाल आलाच. आमच्या दलालाच्या भाषेत बाजार पाच मिनिटांवर होता, स्थानक पाच मिनिटांवर होते, शाळा, दवाखाना आणि बाग ही मंडळीही पाच मिनिटांवरच होती. त्याच्या अंकगणितात सहा हा आकडाच नव्हता. आता, माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो असे धरले, तर मिनिटाला साधारण ८० मीटर आणि पाच मिनिटांत ४०० मीटर अंतर होते. अमेरिकन नियोजनकार क्लेरन्स पेरी यांनी १९२९ साली आदर्श वस्तीचा आराखडा मांडला, तेव्हा त्यांनीही शाळा मध्यभागी ठेवून घरे साधारण याच अंतरात, म्हणजे पाव मैलात, बसवली होती. पण पेरी यांना त्या आराखड्यातले घर मला विकायचे नव्हते, त्यामुळे त्यांची पाच मिनिटे पाच मिनिटांतच संपत.

मी मोबाइलवर वेळ लावून पहिल्या घरापासून स्थानकापर्यंत चालत गेलो. अकरा मिनिटे लागली. दलाल माझ्याबरोबरच चालत होता, त्यामुळे आकड्याबद्दल वाद घालायला जागा नव्हती. तरीही तो डगमगला नाही. “साहेब, पाच मिनिटं म्हणजे चपला आधीच पायात असतील आणि वाटेत कोणी ओळखीचं भेटलं नाही, तर,” तो म्हणाला. माझ्या पायात बूट होते आणि त्या भागात मला कुत्रेसुद्धा ओळखत नव्हते, हे मी त्याच्या नजरेला आणून दिले. त्यावर त्याने माझ्या पायांकडे असे पाहिले की, पुढच्या चौकापर्यंत मी आपोआप लांब ढांगा टाकू लागलो.

किमतींबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्या वाचून कोणाला आनंद व्हायचा नाही. त्या तशा का असतात, हे मात्र मला वाचनातून ठाऊक होते. योहान फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ साली दाखवले होते की, बाजारपेठेपासून जसजसे लांब जावे तसतसा जमिनीचा भाव उतरत जातो, कारण लांबच्या माणसाला वाहतुकीचा खर्च सोसावा लागतो. अमेरिकन नियोजनकार विल्यम अलोन्सो यांनी १९६४ साली हाच विचार शहरातल्या जमिनीला लावला. म्हणजे वाहतुकीवर वाचणारे माझे पैसे मी वाचवण्यापूर्वीच घरमालकाने हिशेबात धरलेले होते. दलालाने या दोघांचीही नावे ऐकलेली नव्हती, पण त्याने दोघांचे सार एका वाक्यात सांगितले: “साहेब, घराचे पैसे कुणी मागितलेत? पैसे जिन्याच्या खाली जे आहे त्याचे.”

त्यानंतर आम्ही बरीच घरे पाहिली. एका घराच्या बैठकीत मधोमध खांब होता आणि मालक त्याच्याशी इतके समरस झाले होते की, बोलताना ते त्याला वळसा घालतात हे त्यांच्या ध्यानातही येत नव्हते. एका घराच्या स्वयंपाकघरात एकजण शिरला की आतला बाहेर येई. एका घराला “मोकळा उजेड” होता, पण तो समोरच्या घरातल्या दिव्याचा होता. यापुढे पाहिलेल्या घरांचे तपशील माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत, त्यामुळे त्यांच्यावर अन्याय नको.

शेवटी जे घर पसंत पडले, ते तिसऱ्या मजल्यावर होते. लिफ्ट नव्हती, चौसष्ट पायऱ्या होत्या आणि भिंतीच्या एका कोपऱ्यात ओल होती, जिला मालक “डाग” म्हणत होते. पण चौकावर उघडणारी एक मोठी खिडकी होती आणि तिथे आम्ही दोघेही घसरलो. मालक म्हातारे होते. व्यवहाराचे बोलणे चालू असताना ते खिडकीतल्या खुर्चीवरून हलले नाहीत. आम्ही आकडा सांगायचो, तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारायचे, मालक वाकून उत्तर द्यायचे आणि परत वळून विचारायचे, “हं, काय म्हणालात?” एकाला त्यांनी किल्ली दोरीने खाली सोडली, एकाला वरच्या मजल्यावरचा माणूस घरात नसल्याचे सांगितले आणि एकाला नुसताच हात हलवून नाही म्हटले. वीस मिनिटांत नऊ वेळा आमचे बोलणे तुटले. केवढी ही आपुलकी, असे मला वाटले. त्यांना हे घर का विकायचे आहे, हे विचारण्याचे मात्र मला सुचले नाही.

घराला पाच वारसदार होते. त्यातल्या पाचव्यांची सही मिळवण्यात चार महिने गेले आणि त्याबद्दल काही लिहू नये, असे आमच्या वकिलांचे मत आहे.

कर्जासाठी घराचे मूल्यांकन करायला एक गृहस्थ आले. त्यांनी प्रत्येक भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केले आणि कान लावून भिंत काय म्हणते ते ऐकले. मग त्यांनी आपला छापील अर्ज काढला. त्यात गाडी ठेवण्याच्या जागेसाठी रकाना होता, पण चालत जाऊन काय काय मिळते यासाठी रकाना नव्हता. मी त्यांना सांगितले की, गाडीची जागा नाही हा या घराचा दोष नसून गुण आहे. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून दाखवले आहे की, गाडीसाठीची फुकट जागा कधीच फुकट नसते, तिचा खर्च घराच्या किमतीत आणि दुकानातल्या मालाच्या भावात लपलेला असतो आणि तो ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही भरावा लागतो. मूल्यांकनकारांनी ते सगळे आदराने ऐकले, त्या रकान्यात “नाही” असे लिहिले, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि घराची किंमत कमी केली. आम्हाला द्यायची किंमत अर्थातच कमी झाली नाही. कमी झाले ते फक्त कर्ज.

यानंतर कपाट आले.

कपाट बायकोच्या आजीचे, सागवानी आणि एकसंध होते. पहिला मजला त्याने विनातक्रार चढला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मात्र ते असे अडकले की, ना वर जाईना, ना खाली येईना. चार हमाल कपाटाच्या खाली, मी कपाटाच्या वर आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, ज्यांना कामावर जायचे होते, कपाटाच्या पलीकडे, अशी आमची विभागणी झाली. काटकोनात वळणाऱ्या बोळातून जास्तीत जास्त केवढा सोफा नेता येईल, हा प्रश्न लिओ मोझर या गणितज्ञाने १९६६ साली रीतसर मांडलेला आहे. जोसेफ गर्व्हर यांनी १९९२ मध्ये एक आकार शोधला. एक एकक रुंदीच्या बोळातून जाणाऱ्या त्या सोफ्याचे क्षेत्रफळ २.२१९५ चौरस एकक भरते. याहून मोठा सोफा असूच शकत नाही, अशी सिद्धता जिनऑन बेक यांनी थेट २०२४ साली मांडली. एका वळणासाठी गणिताला अठ्ठावन्न वर्षे लागली आणि तेही सपाट जमिनीवरच्या! आमच्या वळणाला वर पायऱ्या होत्या, कठडा होता आणि विजेचा मीटरही होता. मी हे सगळे मुख्य हमालाला वरून समजावून सांगू लागलो. त्याने तोंडातली दोरी काढली, कपाटाभोवती नजर फिरवली आणि विचारले, “दारं निघतात का याची?” दारे निघत होती. पावणेदोन तासांनी दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ कामावर गेले आणि जाताना त्यांनी माझे नाव विचारून घेतले.

संध्याकाळपर्यंत ते नाव चौकभर झाले होते. “कपाटवाले” ही आमची त्या वस्तीतली पहिली ओळख.

पहिला आठवडा स्वर्गीय होता. दूध दीडशे पावलांवर, औषधांचे दुकान त्याच्या शेजारी, शिंपी समोर, वाचनालय वळणावर! गाडी विकली, वजन उतरले आणि शहराच्या टोकाला राहिलेल्या मित्रांना मी फोन करून पावलांचे आकडे सांगू लागलो. दुसऱ्या आठवड्यात एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी कोणत्याही आराखड्यात मला वाचायला मिळाली नव्हती. सगळे जग जेव्हा आपल्यापासून पाच मिनिटांवर असते, तेव्हा आपणही सगळ्या जगापासून पाच मिनिटांवर असतो. एवढ्या अडचणीच्या जागी कशाला जाताय, असे म्हणणारे मित्र बाजारात आले की आमच्याकडे पिशव्या ठेवू लागले. गाडीला उशीर असलेले नातेवाईक वेळ काढायला येत. एका सहकाऱ्याने तर बैठकीलाही न थांबता फक्त न्हाणीघर वापरले आणि बाहेर येऊन घराचे कौतुक केले. “जवळच होतो,” हे प्रत्येकाचे पहिले वाक्य असे. जवळ नसलेला माणूस गेल्या तीन महिन्यांत मला भेटलेला नाही.

शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९४७ साली न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर असेच गजबजलेल्या भागात घर घेतले होते आणि १९६१ साली त्यांनी आपल्या पुस्तकात लिहिले की, अशा रस्त्यावर दुकानदारांचे आणि खिडकीत बसलेल्यांचे डोळे असतात, म्हणून तो सुरक्षित राहतो. त्यांच्या भागातले लोक आपल्या घराच्या किल्ल्या विश्वासाने एका दुकानदाराकडे ठेवत, असेही त्यात आहे. हे सगळे खरे आहे, मी शपथेवर सांगेन. आमच्या घरात चोर शिरू शकणार नाही, कारण मी स्वतः उशिरा परतलो, तर तेही सकाळी मला चौघेजण सांगतात. औषधांच्या दुकानातून मी काय नेले, याची वर्दी मी तिसऱ्या मजल्यावर पोहोचण्यापूर्वी घरी पोहोचलेली असते आणि शिंपी मला पाहताच न मोजता कंबर सांगतो. किल्ल्यांचे म्हणाल, तर जुने मालक जाताना खिडकीतला एक खिळा आणि त्यावरच्या सात किल्ल्या आमच्या स्वाधीन करून गेले. त्यातली एक कोणाची आहे, हे अजून कोणालाच आठवलेले नाही.

झोपेबद्दल तर बोलायलाच नको. रात्री रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली केली आहे. आमच्या खालच्या दुकानाचे शटर पहाटे साडेचारला वर जाते आणि ते एकदाच जात नाही. आधी निम्म्यावर अडकते, मग मालक त्याला समजावतो, मग ते खाली येते आणि मग निर्धाराने वर जाते. या चौथ्या आवाजाशिवाय मला आता गाढ झोप लागत नाही. दुकान बंद असते त्या दिवशी मी साडेचारला उठून बसतो.

गेल्या रविवारी मी दूध आणायला उतरलो, तर आमचा दलाल एका नव्या गिऱ्हाइकाला घेऊन चौकात उभा होता. गिऱ्हाईक तरुण होते आणि त्याच्या हातात मोबाइल होता, त्यावर वेळ लावलेली दिसत होती. “हे बघा, साहेब इथंच राहतात, यांनाच विचारा,” दलाल म्हणाला. तरुणाने विचारले, “काका, इथून स्थानक किती मिनिटांवर आहे?”

“पाच,” मी म्हणालो. “चला, मीही तिकडेच निघालोय.”

वळणावर वाचनालयाच्या पायरीवरून कोणीतरी कपाटाची चौकशी केली. शिंप्याने पट्टी हातात घेऊनच हाक मारली. पुढे दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. ते हल्ली माझ्याशी बोलतात, आणि बोलतात ते सविस्तर. मग एका बाईंना सातवी किल्ली त्यांची असावी असा संशय आला, म्हणून तिचे वर्णन करावे लागले. स्थानकाच्या दारात पोहोचलो, तेव्हा तरुणाने मोबाइलकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. त्यावर चव्वेचाळीस मिनिटे झाली होती.

मी खाली पाहिले. माझ्या पायात चपलाच होत्या.